स्टुडिओ हलतोय आणि डिंक्याला नवं घर हवंय: काय करावं, कोणत्या क्रमाने करावं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जे समजलं ते आधी मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कशाला आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. कोथरूडमधल्या जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर तुमचा स्क्रॅपबुकचा स्टुडिओ आहे. बंगला पुनर्विकासाला गेलाय आणि दिवाळीच्या आत जागा रिकामी करायची आहे. नवी जागा दुसऱ्या मजल्यावर, आणखी दोघींबरोबर भाड्याने, आणि मालकाने कुत्र्याला साफ नाही म्हटलंय. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, घर दोन खोल्यांचं. स्टुडिओतच वाढलेला पाच वर्षांचा गावठी नर डिंक्या आता कुठे जाणार, हा प्रश्न. सोबत तीन उपप्रश्न: स्टुडिओच्या बातमीपत्रात त्याच्याबद्दल लिहू का, त्याने एकदा कुरिअरवाल्या मुलावर दात लावले होते ते नव्या माणसांना सांगू का, आणि त्याच्याबरोबर आठवणींचं एक छानसं स्क्रॅपबुक द्यायचंय, त्यात काय असावं.

वीसेक वर्षं मी पुण्यात कुत्र्यांना घरं शोधून देते आहे. माझ्या घरी तात्पुरती राहून पुढे गेलेली कुत्री मोजायची कधीच सोडली. तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही हौसेचा म्हणून सगळ्यात खाली टाकलाय. माझ्या हिशेबाने तोच पहिला आहे. कुत्र्याचं स्थलांतर फसतं ते बहुतेक वेळा त्याच्याबद्दलची माहिती अर्धवट गेल्यामुळे, आणि माहिती नीट मांडून, चिकटवून, टिकेल अशी ठेवणं हे तर तुमचं रोजचं काम आहे. त्याकडे येतेच. आधी थोडं कटू.

त्याला द्यायलाच हवं का, हे एकदा शेवटचं तपासा. मी प्रत्येकाला हे विचारते, तुमच्यावर संशय म्हणून नव्हे. सोसायटी कुत्रा ठेवू देत नाही एवढंच कारण असेल तर ते कारण टिकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही नाही. भाड्याच्या जागेचं वेगळं असतं. तिथे करारात काय लिहिलंय त्याला महत्त्व. तुमच्या बाबतीत मालक नाही म्हणतोय, बरोबरच्या दोघींपैकी एकीला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी आहे आणि घरी रुग्णसेवा चालू आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही हाच निर्णय घेतला असता. मनातली अपराधी भावना बाजूला ठेवा, कारण ती घाई करायला लावते आणि घाईत माणूस पहिल्या ‘हो’ला कुत्रा देऊन टाकतो.

एक वाट मात्र मनातूनही काढून टाका: ‘बंगल्यावरचा वॉचमन त्याला खायला घालेल, तो त्याच आवारात राहील.’ पुनर्विकासाच्या प्रत्येक गल्लीत मी अशी कुत्री पाहिली आहेत. बंगला पडतो, पत्रे लागतात, वॉचमन बदलतो, आणि गळ्यात जुना पट्टा असलेलं कुत्रं फाटकाबाहेर बसून राहतं. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावरची टोळी आपल्यात घेत नाही, फाडते. कायद्यानेही हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड जेमतेम पन्नास रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे त्याची कोणी भीती बाळगत नाही. भीती त्या कुत्र्यासाठी बाळगायची.

आता वेळापत्रक. आत्ता श्रावण आहे आणि हातात जवळपास तीन महिने आहेत. हे भरपूर आहेत, पण पुण्यातला आवाजाचा हंगाम याच तीन महिन्यांत येतो. नदीपात्रात आणि मैदानांवर ढोल-ताशांचे सराव सुरू झालेच असतील. मग दहा दिवस गणपती, नंतर नवरात्र, शेवटी दिवाळीचे फटाके. नव्या घरात गेलेल्या, आधीच भेदरलेल्या कुत्र्याच्या कानावर ढोल पडला तर ते दार उघडं दिसताच पळतं, आणि नव्या भागातून परतीचा रस्ता त्याला माहीत नसतो. म्हणून माझा पक्का सल्ला: डिंक्याला पितृपक्षात द्या. अनंत चतुर्दशी होऊन गेलेली असते आणि मांडव उतरत असतात. शहरातला तो सगळ्यात शांत पंधरवडा. त्यातही पहिल्या आठवड्यात दिलात तर दिवाळीपर्यंत त्याला पाच आठवडे मिळतात. ‘पितृपक्षात नवं काही घरात आणत नाही’ असं कोणी म्हणेल. अशा वेळी मी त्यांना एवढंच सांगते की याच पंधरवड्यात आपण गाय-कावळ्याबरोबर कुत्र्यासाठीही घास काढून ठेवतो. बहुतेकांना ते पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्यावर जोर करू नका.

त्या तारखेपासून मागे मोजत या. तुम्ही लिहिलंय की त्याची नसबंदी झालेली नाही आणि यंदाची लस राहून गेली. दोन्ही आत्ता, याच पंधरवड्यात. टाके सुकायला दहा-चौदा दिवस जातात आणि टाक्यांसकट कुत्रं दुसऱ्याच्या हाती कधी देऊ नये. नसबंदीने त्याची भीती कमी होईल असं समजू नका, तसं होत नाही. फायदा वेगळा आहे. नसबंदी न झालेला नर माजावर आलेल्या मादीच्या वासाने अनोळखी भागात मैलभर निघून जाऊ शकतो. नव्या घरून हरवणाऱ्या नरांमागे मी हे कारण वारंवार पाहिलंय. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासतीलच, त्यात प्लेटलेट आणि गोचीड तापाची तपासणी करून घ्या. पावसाळ्यात या तापाचे, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया आणि बबेसियाचे, रुग्ण वाढतात, आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही ते सापडतात. नव्या घरी जाऊन आठव्या दिवशी ताप चढला की त्या लोकांना वाटतं, आपल्याला आजारी कुत्रं गळ्यात मारलं. रेबीजची लस आणि लेप्टोस्पायरोसिससकटची एकत्रित लस, दोन्ही देऊन घ्या. जमल्यास कातडीखाली ओळखीची मायक्रोचिपही बसवा. तांदळाएवढी असते, पंधरा आकडी क्रमांक असतो. पण त्या क्रमांकापुढे नव्या माणसाचा फोन नोंदवला गेला नाही तर तिचा उपयोग शून्य. महापालिकेचा परवाना काढलेला असेल तर तोही नव्या नावावर व्हायला हवा.

बातमीपत्राचं. स्टुडिओची बातमी आणि डिंक्याची बातमी एका पत्रकात घालू नका. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात नवा पत्ता आहे, बदललेल्या वर्गांच्या वेळा आहेत, उरलेल्या कागदांच्या आणि डाय-कटच्या (साच्याने कापलेल्या आकारांच्या) साठ्यावर सवलत आहे, आणि त्याखाली ‘आमच्या लाडक्या डिंक्यालाही नवं घर हवंय’ असं हृदयाच्या चौकटीत. वाचणाऱ्याच्या नजरेत तो आवराआवरीतला एक नग होऊन बसतो. शिवाय अशा पत्रकाला जी उत्तरं येतात ती तुमच्यावरच्या प्रेमापोटी येतात. विद्यार्थिनींना तुमचं वाईट वाटतं आणि त्या भरात दोघी-तिघी हो म्हणून बसतात. तो भर आठवड्याभरात ओसरतो. मग त्यांना तुम्हाला नाही म्हणायची लाज वाटते, कुत्रं घेतलं जातं आणि महिन्याभरात कोणाच्या तरी गावी पोचतं. पत्रकात एकच ओळ ठेवा: ‘डिंक्या नव्या जागेत नसेल, त्याच्याबद्दल स्वतंत्रपणे कळवेन.’ त्यानंतर चार-पाच दिवसांनी त्याचं वेगळं निवेदन पाठवा.

पण ज्यांना पाठवायचं ती माणसं तीच. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. पाच वर्षांत जिने जिने टेबलाखाली पाय घातलाय, तिच्या पायावर तो झोपलेला आहे. (डिंक्या हे नाव त्याला का पडलं ते तुम्ही लिहिलंच आहे. चिकटून बसतो म्हणून. फार गोड.) त्याला ओळखणाऱ्यांची अशी यादी शंभरातल्या एखाद्या कुत्र्याला मिळते. आधी या वर्तुळात शोधा: जुन्या विद्यार्थिनी, रविवार पेठेतले तुमचे मालवाले, डॉक्टरांच्या दवाखान्यातला मदतनीस, समोरच्या इमारतीतले रोज त्याला हाक मारणारे आजोबा. दोन आठवडे फक्त इथेच. नाहीच जमलं तर मग अनोळखी लोकांसाठी खुलं करा.

निवेदन कसं लिहायचं, त्याचा नमुना देते. फोटो दिवसाउजेडी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढलेला, अंगावर बो-टाय किंवा लेस नसलेला. तुमचा हात सजवायला शिवशिवेल, पण सजवू नका. लोकांनी कुत्रं बघायला हवं, चौकट नव्हे.

‘डिंक्या. गावठी, नर, सुमारे पाच वर्षांचा, तांबूस, एकोणीस किलो. नसबंदी आणि लसीकरण झालेलं. लहानपणापासून माणसांत राहिलाय, एकटं ठेवलं तर पहिला अर्धा तास रडतो, मग झोपतो. घरात घाण करत नाही. साखळीवर चालतो, पण मांजर दिसलं की ओढतो. फटाक्यांना आणि ढोलाला फार घाबरतो, पलंगाखाली शिरतो. हेल्मेट घातलेला माणूस एकदम आत आला तर भुंकतो. एकदा एका मुलाच्या पोटरीला दात लावले, जखम झाली नाही. कागद चघळतो. मोठ्या माणसांच्या घरात, जिथे दिवसा कोणीतरी असतं, तिथे सुखी राहील. पाच-सहा वर्षांखालची मुलं असलेल्या घरी देणार नाही. देण्याआधी घरी येऊन बघेन, आणि पुढे कधीही जमलं नाही तर तो माझ्याकडेच परत यायला हवा.’

यात कुठेही ‘तातडीने’ नाही, ‘नाहीतर त्याचं काय होईल’ नाही. दयेपोटी आलेलं घर आणि कुत्रं बघून आलेलं घर यातला फरक सहाव्या महिन्यात दिसतो.

दात लावल्याचं मी त्यात सरळ घातलंय, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालंच. सांगायचं, आणि नेमकं सांगायचं. ‘थोडा रागीट आहे’ हे सांगणं नव्हे. कधी, कुठे, त्याआधी काय घडलं, दात कपड्यावर लागले की कातडीवर, रक्त आलं का, हे सगळं. तुमच्या वर्णनावरून तो मुलगा हेल्मेट न काढता, पाठीवर मोठी बॅग घेऊन पावसातून धाडकन आत आला आणि डिंक्या दाराशी झोपलेला होता. दचकलेल्या कुत्र्याने दात टेकवून सोडले. चावून धरलं नाही, परत अंगावर गेला नाही. अशा कुत्र्याला घर मिळतं. ‘घरात येताना हेल्मेट बाहेर काढा आणि दाराशी त्याची गादी टाकू नका’ एवढ्यावर निभावतं. त्या मुलाने तेव्हा साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं जागा धुऊन लस घेतली होती ना? कातडी जराही खरचटली असेल तर ती घ्यावीच लागते, कुत्रं घरचं असलं तरी. पुढच्या घरालाही हे सांगून ठेवा.

मी हे इतकं जीव तोडून का सांगते त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक पांढरी कुत्री माझ्याकडे होती. सगळ्या बाबतीत गुणी, फक्त खाताना जवळ कोणी आलं की गुरगुरायची. एक चांगलं कुटुंब तिला घ्यायला तयार झालं आणि मी गुरगुरण्याचं बोलले नाही. वाटलं, नव्या घरी सुटेल. नवव्या दिवशी त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने जेवणाऱ्या कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मुलीच्या तळहाताला चार टाके पडले. त्या माणसांनी मला एक शब्दही वाईट बोलला नाही, कुत्री आणून दिली आणि गेली. ती मुलगी नंतर बरीच वर्षं कुत्र्यांना घाबरत होती असं कळलं. त्या घराला मी एक वाक्य सांगितलं असतं, ‘ती जेवत असताना खोलीचं दार लावून घ्या’, तर हे काहीच झालं नसतं.

इच्छुक माणसांशी बोलताना काय विचारायचं? ‘तुम्हाला कुत्री आवडतात का’ हा प्रश्न फुकट आहे, सगळे हो म्हणतात. मी विचारते: याआधीचा कुत्रा कसा गेला? उत्तरात आजार, डॉक्टर, शेवटचे दिवस येतात तेव्हा मी निर्धास्त होते. ‘गावाकडे पाठवला’, ‘कुठेतरी निघून गेला’ असं दोनदा आलं की थांबते. मे महिन्यात गावाला जाता तेव्हा घर कोण सांभाळतं? दिवाळीच्या चार रात्री त्याला कुठल्या खोलीत ठेवणार? आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: तुमच्या घरात या गोष्टीला सगळ्यात कमी राजी कोण आहे? प्रत्येक घरात असं एक माणूस असतं, बहुधा सासूबाई किंवा जिच्यावर झाडण्या-पुसण्याचं काम पडणार आहे ती. त्या माणसाशी मला बोलायचं असतं, कारण कुत्रं परत येतं ते त्याच्याच शब्दामुळे. एकदा एका आजींनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं की त्यांना कुत्र्याचा राग नाही, पण सोवळ्याच्या खोलीत तो शिरेल ही धास्ती आहे. आम्ही त्या दाराला लाकडी फळी लावून दिली. तो कुत्रा त्या घरी अकरा वर्षं राहिला आणि आजींच्याच पायाशी गेला.

‘आमचं शेत आहे, मोकळा राहील’ या वाक्याला मात्र भुलू नका. हे घर फार आकर्षक वाटतं. मुळशी, पानशेत, वाईकडची हिरवळ, पळायला जागा. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते शनिवार-रविवारचं घर असतं. सोमवार ते शुक्रवार कुत्रं एकटं, बांधलेलं, गड्याने टाकलेल्या भाकरीवर, आणि त्याचं काम चोर आला की भुंकणं. तुमचा डिंक्या टेबलाखाली माणसांच्या पायावर झोपणारा आहे. त्याला दोन एकर नकोत, दोन पाय हवेत. दुसरं, पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसात बिबटे राहतात आणि रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं हे त्यांचं सगळ्यात सोपं भक्ष्य. माझ्या हातून एक काळा कुत्रा अशा शेतावर गेला होता. तिसऱ्या आठवड्यात फक्त तुटलेली साखळी उरली. तेव्हापासून शेतावर कुत्रं देताना मी एकच बघते: रात्री तो घराच्या भिंतींच्या आत झोपणार का, आणि त्या घरात माणसं रोज झोपतात का. दोन्ही असेल तर शेतासारखं घर नाही.

घर बघायला जाच. चहा प्यायला जातोय असं समजून जा. बाल्कनीला जाळी आहे का, मुख्य दाराला सुरक्षा-दार आहे का, जिना थेट रस्त्यावर उतरतो का, भाड्याचं घर असेल तर करारात कुत्र्याची परवानगी लिहून घेतलीय का. पहिले दोन आठवडे ‘राहून बघा’ या बोलीवर द्या आणि तसं साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहा: नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, दुसऱ्याला परस्पर देणार नाही, न जमल्यास मूळ मालकिणीकडे परत. कोर्टात हा कागद किती चालेल यापेक्षा सही करताना समोरचा माणूस किती अडखळतो हे बघा.

आता वही. ‘आठवणींचं छानसं स्क्रॅपबुक’ तुम्हाला डिंक्याबरोबर द्यायचंय. ते तुमच्याकडेच ठेवा. बारा बाय बारा इंचांचं, थरांचं, खिडक्या-कप्प्यांचं, पाच वर्षांचं पुस्तक तुमच्यासाठी करा. नव्या माणसांना तुमच्या आठवणींचं ओझं होईल. त्यांच्यासाठी दुसरी वही करा, लहान, ए-पाच आकाराची, रिंगांची, म्हणजे पानं काढता-घालता येतील. ती रोज स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडून बघायची वही आहे.

पहिलं पान त्याच्या दिवसाचं. सहाला उठतो, साडेसहाला बाहेर, आठला खाणं किती आणि कशात कालवलेलं, दुपारी कुठे झोपतो, संध्याकाळी किती वाजता दाराकडे बघायला लागतो. दुसरं पान शब्दांचं. तो मराठी ऐकत वाढलाय. ‘चल’, ‘बस’, ‘सोड’, ‘खाली’, ‘नको रे’ यातला कोणता शब्द कशासाठी, आणि तुम्ही तो कोणत्या हाताच्या खुणेबरोबर म्हणता. नव्या घरी हिंदी किंवा इंग्रजी बोलत असतील तर त्याला अचानक बहिरं झाल्यासारखं होतं. तुमच्या आवाजात हे शब्द फोनवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवा, म्हणजे सूर कळेल. त्याला मात्र ते ऐकवू नका, तो तुम्हाला शोधत बसेल. तिसरं पान भीतीचं: ढोल, फटाके, हेल्मेट, छत्री उघडण्याचा आवाज, आणि प्रत्येकापुढे तुम्ही काय करता ते. चौथं दुखण्यांचं: कुठल्या कानाला बुरशी होते, कोणत्या औषधाने उलटी झाली होती. मग फोटोंची दोन पानं. फोटो गोंडस नकोत, माहितीचे हवेत. शेपटी खाली घालून कान मागे घेतलेला डिंक्या, खाली ओळ: ‘असा दिसला की त्याला एकटं सोडा.’ पोट वर करून पडलेला डिंक्या: ‘हे खाजवण्याचं आमंत्रण आहे.’ तुमच्याकडे पाच वर्षांचे हजारो फोटो असतील. दुसऱ्या कोणालाही हे पान करता येणार नाही.

कागदाचं मी तुम्हाला काय सांगावं, पण दोन गोष्टी तुमच्याही नजरेतून सुटतील. दवाखान्याची बिलं आणि काही यंत्रांचे रक्त-अहवाल थर्मल कागदावर येतात. ते वर्षा-दोन वर्षांत पांढरे फटक होतात, उन्हात आणि पीव्हीसीच्या पिशवीत आणखी लवकर. त्यांच्या झेरॉक्स काढा आणि पॉलिप्रॉपिलिनच्या कप्प्यात ठेवा. दुसरं म्हणजे ही वही कुत्र्याच्या घरी जाणार आहे आणि डिंक्या कागद चघळतो. ब्रॅड, आयलेट अशा धातूच्या टाचण्या-कड्या, बटणं, चुंबक, चमकी, मणी, काही लावू नका. साधी ग्लू-स्टिक पुरे. स्टुडिओ हलवताना दुरुस्तीसाठी पॉलियुरेथेनचा फुगणारा गोंद आणलात तर तोही त्याच्यापासून दूर ठेवा. थोडासा चाटला तरी पोटात फुगून दगडासारखा गोळा होतो आणि शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही.

पंजाच्या ठशाबद्दल तुम्ही मिठाच्या कणकेचं विचारलंय. तो बेत सोडा. त्या कणकेत इतकं मीठ असतं की एक लहान गोळा खाल्ला तरी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते, आणि वासाने तो खाणारच. पंजा साध्या पाण्यात भिजवून तपकिरी कागदावर टेकवा आणि ओल वाळायच्या आत पेन्सिलीने कडा गिरवून घ्या. सुंदर दिसतं. त्या एका पानासाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद घ्या असा माझा हट्ट समजा. १९४० पासून तिथे सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद होतो. त्यात लाकडातलं लिग्निन नसल्यामुळे तो पिवळा पडत नाही. हे पान तुमच्या मोठ्या पुस्तकासाठी.

सोपवण्याचा दिवस शनिवारचा निवडा, सकाळचा, म्हणजे दोन दिवस घरात माणसं असतील. गाडीत बसवण्याआधी तीन-चार तास खाणं नको. थेट घरात नेऊ नका. त्यांच्या गल्लीत खाली उतरा, नव्या माणसांबरोबर वीस मिनिटं एकत्र फिरा, वाटेत साखळी त्यांच्या हातात द्या आणि मग सगळे मिळून आत जा. त्याची गादी, न धुतलेली चादर, पाण्याचं भांडं, दहा दिवसांचं नेहमीचं खाणं बरोबर द्या. त्यांना पहिला आठवडा अंघोळ घालू नका म्हणून सांगा, अंगावरचा ओळखीचा वास एवढंच तेव्हा त्याच्याकडे असतं. बाहेर नेताना दोन आधार हवेत: गळ्यात सरकता पट्टा, अंगात हार्नेस, दोन्हींना साखळी. हे निदान महिनाभर. निघताना मिठी मारून रडू नका. ‘येते हं’ म्हणून रोज स्टुडिओतून निघता तशाच निघा. रडायचं ते गाडीत.

पहिला एखादा दिवस तो कमी खाईल, दाराशी बसेल, कोपरा धरेल. साधारणपणे तीन दिवसांत भेदरलेपणा उतरतो, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते आणि तीन महिन्यांत ते घर त्याचं होतं. प्रत्येक कुत्र्याचं गणित थोडं वेगळं, तरी नव्या माणसांना हा अंदाज दिला की तिसऱ्या दिवशी घाबरून फोन येत नाहीत. दोन दिवस काहीच खाल्लं नाही, चोवीस तासांत लघवी झाली नाही किंवा उलट्या लागल्या तर मात्र लगेच डॉक्टर. तुम्ही पहिले तीन-चार आठवडे भेटायला जाऊ नका. फोटो मागा, व्हिडिओ बघा, त्यांना हवा तेव्हा फोनवर सल्ला द्या. तुम्ही गेलात की त्याला वाटतं न्यायला आलात, आणि तुम्ही परत निघाल्यावर पहिला दिवस पुन्हा सुरू होतो. महिन्याभराने जा, बाहेर बागेत भेटा.

आणि पितृपक्षापर्यंत मनासारखं घर मिळालंच नाही तर? कमी मनासारख्या घराला हो म्हणू नका. ओळखीच्या एखाद्या विद्यार्थिनीकडे खाण्या-औषधाचा खर्च तुम्ही देऊन दोन महिने ठेवा किंवा घरगुती बोर्डिंग बघा, दिवाळी उलटू द्या आणि नव्याने शोधा. पाच वर्षांच्या गावठी कुत्र्याला घर मिळायला कधीकधी चार महिने लागतात, मी आठ महिनेही थांबले आहे. निवाऱ्याच्या संस्था भरलेल्या आहेत, तिथे एका पिंजऱ्यात तीन-तीन असतात. जखमी आणि टाकलेल्या कुत्र्यांसाठी ती जागा मोकळी राहू द्या.

घर बघायला जाताना बरोबर कोणी हवं असेल तर मला कळवा, कोथरूड-कर्वेनगरच्या टप्प्यात मी येऊ शकते. आत्ता मात्र आधी दवाखान्यात फोन करून नसबंदीची तारीख घ्या. टाके कधी निघतील ते कळलं की निवेदन कधी पाठवायचं ते ठरवू, आणि तोवर वहीचं दुसरं पान, शब्दांचं, लिहायला घ्या. रोजच्या बोलण्यातले शब्द आठवून लिहू म्हटलं तर आठवत नाहीत. आठवडाभर कानोसा घेत, तोंडातून निघेल तो टिपावा लागतो.